पागनीसांनी पुसलेला ठिपका

फ्रीगंजमध्ये टॉवर चौकाजवळ गोपाळकृष्ण पागनीसांचा फोटो स्टुडिओ आहे. आहे म्हणजे अजून आहे. आजूबाजूचे स्टुडिओ एकेक करून बंद पडले, तिथे मोबाइलची कव्हरं आणि मोमो विकायला लागले, पण पागनीसांचं शटर रोज सकाळी वर जातं. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो, सीझनमध्ये एखाददुसरं लग्न, आणि महाकालच्या दर्शनाला आलेल्या एखाद्या कुटुंबाला कागदावरच फोटो हवा असेल तर तो, एवढ्यावर दुकान चालतं. पूर्वज शिंद्यांच्या पागेचं दफ्तर सांभाळायला इकडे आले होते. घोडे गेले, पागा गेली, आडनाव तेवढं राहिलं. गोपाळराव साठी ओलांडलेले, अंगाने काटकुळे आणि जिभेने गोड. फक्त एका बाबतीत त्यांच्या हाताला चैन नसे. समोरच्या चेहऱ्यावर काही जास्तीचं दिसलं की ते काढून टाकल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

मस, तीळ, मुरुमं, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं की नाहीसं व्हायचं. फिल्मच्या काळात निगेटिव्हवर पेन्सिल आणि प्रिंटवर बारीक ब्रश घेऊन ते तासन्‌तास बसत. काँप्युटर आला तेव्हा बाकीचे फोटोग्राफर रडले, हे मात्र पाण्यात सोडलेल्या बदकासारखे खूश झाले. "मुलगी दाखवायची तर आधी पागनीसांना दाखवा," असं उज्जैनची मराठी मंडळी म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. एकदा एका मुलाचे वडील थेट दुकानात भांडायला आले होते. "फोटो में तो कोई और थी!" गोपाळरावांनी त्यांना बसवलं, चहा मागवला, चहा येईपर्यंत त्यांचाच एक फोटो काढला आणि साफसूफ करून त्यांच्यासमोर ठेवला. गृहस्थ बघतच राहिले. जाताना त्याच्या कॉप्या घेऊन गेले आणि पुढे लग्नही झालं.

मुक्ता ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या डाव्या गालावर कानापासून जबड्यापर्यंत जन्मखूण आहे, जांभळं खाऊन कुणी हात पुसावा तशी. दुकानाच्या शोकेसमध्ये मुक्ताचे लहानपणापासूनचे फोटो ओळीने लावलेले होते. परकर-पोलक्यातली, शाळेच्या गणवेशातली, पदवीच्या झग्यातली. दर वाढदिवसाला एक नवा फोटो, हा घरचा नेम. आणि त्या सगळ्या फोटोंत तिचा डावा गाल उजव्याइतकाच स्वच्छ होता. येणारेजाणारे थबकून बघत आणि म्हणत, काय गोड पोरगी आहे.

यंदा माघात मुक्ताचं लग्न ठरलं. मुलगा सौमित्र बर्वे, बँकेत नोकरीला, बदली होऊन उज्जैनला आलेला. तिचा तिनेच निवडला, दोन्ही घरांनी खळखळ न करता होकार दिला. वैशाखातली तारीख धरली, हॉल बुक झाला. गोपाळरावांनी लगेच कपाटातून कॅमेरे काढले, लेन्सा पुसायला घेतल्या. सगळ्या गावाची लग्नं काढली, आता घरचं. कुठला क्षण कुठून टिपायचा, हे त्यांच्या डोक्यात कधीचंच तयार होतं.

एका सकाळी चहा घेताना मुक्ता म्हणाली, "बाबा, फोटोचं मी अनयला सांगून टाकलंय."

"कोण अनय?"

"देवासचा आहे. सौमित्रच्या मित्राच्या लग्नात त्यानेच काम केलं होतं. चांगलं करतो."

मुक्ताच्या आईच्या, मीनाताईंच्या हातातली गाळणी कपावर तशीच थांबली. गोपाळरावांना आपण नीट ऐकलं की नाही तेच कळेना.

"आणि मग मी काय करू?"

"तुम्ही कन्यादानाला बसणार ना? का मांडीवर कॅमेरा घेऊन बसाल?" मुक्ता हसून म्हणाली आणि पर्स उचलून शाळेत निघून गेली. ती एका शाळेत विज्ञान शिकवते.

उत्तर बिनतोड होतं, पण खरं कारण ते नव्हतं. हे गोपाळरावांना कळलं, मीनाताईंना तर त्याआधीच कळलं होतं. जन्मभर लोकांच्या मांडवात उभा राहिलेला फोटोग्राफर, आणि त्याच्याच मुलीच्या लग्नात देवासहून माणूस येणार. त्यांनी दिवसभर कुणाशी धड बोलणं केलं नाही. शेजारच्या साडीवाल्याने विचारलं, "पागनीस साहब, बिटिया की शादी का अल्बम तो आप खुद बनाओगे?" तर ते नुसते "हां हां" म्हणाले आणि आत गेले.

आता बापलेकीचं कधी भांडण होतं, अशातला प्रकार नव्हता. उलट रोज संध्याकाळी ती दोघं गच्चीवर एकत्र असत. दुर्बीण मुक्ताने आणली. इंदौरच्या एका निवृत्त इंजिनिअरकडे पडून होती, मोठ्या आरशाची, लाकडी खोक्यावर बसवलेली, दिसायला पाण्याच्या बंबासारखी. धंदा उतरणीला लागला आणि वडील संध्याकाळी दुकान लवकर बंद करून टीव्हीसमोर पेंगायला लागले, तेव्हा तिने ती घरी आणली आणि त्यांचा जुना लग्नाचा कॅमेरा दुर्बिणीच्या तोंडाला जोडायला लावला. पहिल्याच दिवशी गोपाळरावांनी शनीची कडी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाला पासपोर्टच्या फोटोऐवजी शनीची गोष्ट सांगत बसले.

ग्रहाचा फोटो एका खटक्यात निघत नाही. वरची हवा सारखी हलत असते, त्यामुळे वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा ग्रह थरथरतो. म्हणून आधी त्याचा व्हिडिओ घ्यायचा. त्यातून हजारो चित्रं सुटी करायची, हवा क्षणभर स्थिर झाली तेव्हाची नितळ चित्रं तेवढी निवडायची आणि ती काँप्युटरवर एकावर एक बरोबर बसवायची. एकेका चित्रात जे दिसत नाही ते मग हळूहळू वर येतं. दुर्बिणीला मोटर नाही. पृथ्वी फिरते तसा ग्रह चौकटीतून सरकत एका बाजूने बाहेर जातो, तो गेला की दुर्बीण पुन्हा बोटाने ढकलायची. हे ढकलणं आणि फोकस गोपाळरावांकडे. त्यांच्या बोटाला तो अंदाज होता. चित्रं निवडणं, रचणं हे मुक्ताकडे. "काय करून राहिलात, हलवू नका ना," एवढंच तिचं बोलणं. आठवडाभरात घरात जेवढं बोलत नसतील तेवढी ती दोघं गच्चीवर गप्प बसत, आणि दोघांनाही ते आवडे.

शेजारच्या गच्चीवरून तिवारी आंटी विचारत, "भैया, शनि का फोटो खींच लो तो साढ़ेसाती उतर जाती है क्या?"

"उतरती तो नहीं आंटी, दिख जाती है."

यंदाच्या हिवाळ्यात गुरू होता. मीनाताई म्हणत, मुलीला गुरुबळ आहे की नाही ते लोक पंचांगात बघतात, आमच्याकडे गच्चीवर जाऊन बघतात. देशभरातल्या अशाच हौशी लोकांचा फोनवर एक ग्रुप होता. तिथे बापलेकीची चित्रं जात, आणि पागनीस हे नाव तिथे बऱ्यापैकी मानाने घेतलं जाई.

अनयचं प्रकरण झाल्यावरही गच्ची सुटली नाही. फक्त गप्प बसण्याची चव बदलली. "अनय कॅमेरा कुठला वापरतो?" असं गोपाळराव एकदा विचारून बसले. मुक्ताने सांगितलं. "चांगला आहे," ते म्हणाले, आणि नंतर फोकस जमेना.

फाल्गुन लागला. एका शनिवारी मायलेकी साड्या घ्यायला इंदौरला गेल्या. गोपाळराव एकटेच गच्चीवर गेले. दिवेलागण नुकतीच झाली होती आणि गुरू अगदी माथ्यावर आला होता. माथ्यावरचा ग्रह त्या खोक्याला मुळीच मानवत नाही, नळी सरळ उभी झाली की ढकलायची कुणीकडे तेच समजत नाही. पण हवा अशी शांत होती की गुरू चौकटीत चिकटवल्यासारखा दिसत होता. त्यांनी चांगला लांबलचक व्हिडिओ घेतला. एकट्याने सगळं जमलं म्हणून त्यांना मनातून बरं वाटलं. आपल्याशिवाय कुणाचं अडत नाही, तर आपलंही कुणावाचून अडत नाही, असा थोडा पोरकट रागही त्यात होता.

सोमवारी दुकानात, गिऱ्हाईक नसताना, त्यांनी चित्रंही स्वतःच रचली. मुक्ताने शेजारी बसवून शिकवलं होतंच. काम संपून गुरू पडद्यावर आला तेव्हा त्यांना खुर्चीतून उठावंसं वाटलं. इतका चांगला गुरू या घरात आजवर निघाला नव्हता. तांबूस पट्टे, पट्ट्यांच्या कडांची झालर, सगळं स्वच्छ. आणि मधोमध, एका पट्ट्यावर, टाकाच्या टोकाने काढावा तसा एक काळा, गोल ठिपका.

धूळ, गोपाळराव म्हणाले. दुसरं काय असणार? सिंहस्थाच्या तयारीसाठी अख्खं उज्जैन खणून ठेवलेलं. दुकानासमोरच पाइपलाइनचा खड्डा, जेसीबी सकाळपासून घरघरत असलेला, दर तासाला काउंटरवर फडका मारावा लागे. पूर्ण हिवाळाभर ते कॅमेऱ्यांतली धूळच काढत बसले होते. त्यांचा हात आपसूक माउसवर गेला. ब्रशचा आकार बेताचा केला, शेजारचा रंग उचलला आणि ठिपक्यावर फिरवला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ठिपका गेला. एवढं झाल्यावर हात थांबतो थोडाच? एका पट्ट्याची कड जरा वेडीवाकडी वाटली, तीही सारखी केली. मग खाली वेळ लिहिली, "उज्जैन, पागनीस" असं टाकलं आणि चित्र ग्रुपवर पाठवून दिलं.

वाहवा यायला सुरुवात झाली. बंगलोरहून, कोलकात्याहून, कुठून कुठून अंगठे आले. गोपाळरावांनी शेजारच्या साडीवाल्याला बोलावून चित्र दाखवलं. त्यालाही गुरू असा गुळगुळीत बघून आनंद झाला. मग साताऱ्याच्या अमृता नावाच्या बाईंचा निरोप आला. त्या इंजिनिअर होत्या, ग्रुपवर फार बोलत नसत.

"सर, फार सुंदर चित्र आहे. एक विचारू? लिहिलेली वेळ बरोबर आहे ना? त्या वेळी गुरूच्या आयो या चंद्राची सावली गुरूवर मधोमध पडलेली होती. आमच्याकडे ढग होते म्हणून मी तुमच्या चित्राची वाट बघत होते. त्यात सावली कशी दिसत नाही?"

गोपाळरावांनी सरळ मनाने लिहिलं, "एक काळा डाग होता, मॅडम. धूळ होती. मी साफ केली."

मग एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. दुसऱ्याने लिहिलं, "पागनीस साहब ने तो जुपिटर का फेशियल कर दिया." मग मात्र हसण्याची लाटच आली. गोपाळरावांनी फोन उलटा करून ठेवला. त्यांनी कधी न पाहिलेली माणसं त्यांच्यावर हसत होती, आणि कशासाठी, तर ज्या कामासाठी जन्मभर त्यांचं नाव घेतलं गेलं त्यासाठीच. ते त्यांना फार लागलं.

शाळा सुटल्यावर मुक्ता घरी न जाता सरळ दुकानात आली. तिनेही ग्रुप वाचला होता. हसेल असं त्यांना वाटलं, पण ती हसली नाही.

"मूळ व्हिडिओ आहे ना, बाबा? का तोही उडवलात?"

"आहे."

"लावा."

दोघं काँप्युटरसमोर बसली. गुरू चौकटीच्या एका कडेने आत आला आणि थरथरत दुसऱ्या कडेकडे सरकू लागला. मुक्ताने पडद्यावर बोट ठेवलं.

"इथे आणि इथे, हे दोन फिकट डाग दिसताहेत का? गुरू त्यांच्यावरून येऊन गेला, पण ते जागचे हलले नाहीत. ती धूळ, आपल्या कॅमेऱ्यातली. आता काळा ठिपका बघा. गुरूबरोबर आला आणि गुरूबरोबर गेला. धूळ असती तर जागेवर राहिली असती ना? जे त्याच्याबरोबर चालतं ते त्याचंच असतं."

गोपाळरावांना एका झटक्यात समजलं. इतकी वर्षं कॅमेरा हाताळलेला माणूस, एवढं साधं लक्षात यायला हवं होतं. "चुकलं," ते म्हणाले. "पुन्हा रचतो. अमृताबाईंना कळवतो."

"कळवा," मुक्ता म्हणाली, पण उठली नाही. बाहेर जेसीबी थांबला होता. शोकेसमधल्या फोटोंच्या पाठी दुकानाच्या आतून दिसत होत्या, ती त्यांच्याकडे बघत होती.

"बाबा, माझा असा एखादा फोटो आहे का हो?"

"असा म्हणजे?"

"न पुसलेला."

गोपाळराव बोलले ते एकदम, जणू कित्येक वर्षं तयार ठेवलेलं होतं. "तू बालवाडीत होतीस. काउंटरपाशी स्टुलावर बसली होतीस. एक बाई आली आणि म्हणाली, इतनी प्यारी बच्ची और ये क्या हो गया, हे राम. मी गिऱ्हाईक म्हणून गप्प बसलो. घरी गेल्यावर तू मोरीत जाऊन साबणाने गाल घासलास. लाल होईस्तोवर घासलास. मला दुसरं काय येत होतं, मुक्ता? जे येत होतं ते मी केलं."

"मला आठवतंय," ती म्हणाली. "मी दोन-तीन दिवसांत घासायचं सोडलं, बाबा. तुम्ही अजून घासताय."

ती चिडलेली नव्हती, म्हणून ते अधिकच झोंबलं. पुढे ती म्हणाली, "शाळेतल्या मुली शोकेस बघून विचारायच्या, ही तुझी बहीण का? मी हो म्हणून सांगायचे. मला तर वाटायचं, तुम्हाला तीच पाहिजे होती. आणि अनयचं विचारताय ना मनातल्या मनात केव्हापासून? पहिल्या भेटीत त्याने माझे दोन फोटो काढले आणि गालाकडे बोट करून विचारलं, मॅडम, इसको रखना है कि हटाना है? बस. मला आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. तिथल्या तिथे त्याचं नक्की केलं."

गोपाळराव त्या दिवशी दुकान बंद करून पायीच घरी गेले, नेहमीची गल्ली सोडून लांबच्या रस्त्याने.

गुरूचं काम सोपं होतं. मूळ व्हिडिओ होता, त्यावरून त्यांनी चित्र पुन्हा रचलं, या वेळी ब्रशला हातही लावला नाही, आणि ग्रुपवर टाकलं. "सावली जिथली तिथे आहे. माझी चूक होती," एवढंच खाली लिहिलं. अमृताबाईंनी आभार मानले. फेशियलवाल्यानेही माफी मागितली. दोन दिवसांत सगळे ते विसरले.

मग गोपाळराव मुक्ताचं मूळ शोधायला बसले. माळ्यावरून निगेटिव्हची पाकिटं काढली. एकेक पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली. प्रत्येकीवर डाव्या गालाच्या जागी त्यांच्याच पेन्सिलीच्या बारीक, सुबक रेघा होत्या. नंतरच्या काळातले फोटो काँप्युटरवर होते, पण साफ केलेला फोटो मूळ फाइलवरच ठेवून देण्याची त्यांची सवय. जागा कशाला अडवायची? दोन दिवस शोधूनही हाती काही आलं नाही. गुरूची सावली परत आणता आली, मुलीच्या चेहऱ्याचं मात्र त्यांच्याजवळ काहीच शिल्लक नव्हतं. मीनाताई माळ्याखाली शिडी धरून उभ्या होत्या. "अहो, उतरा आता," त्या म्हणाल्या. "ती खालीच आहे की, जिवंत. तिचाच काढा."

पुढच्या आठवड्यात त्यांनी मुक्ताला शाळेत फोन केला. "येताना जरा दुकानात ये. फोटो काढायचाय." आणि मग म्हणाले, "तुला चालणार असेल तर."

ती आली. अंगात भैरवगढच्या छापाचा साधा कुडता होता, दिवसभराच्या खडूची पूड बाहीवर तशीच. स्टुलावर बसली. गोपाळरावांनी दिवे लावले, कॅमेऱ्यामागे गेले, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "मान जरा डावीकडे." मुक्तानेही तितक्याच सवयीने मान वळवली, डावा गाल अंधारात गेला. दोघंही थांबली.

"नको," गोपाळराव म्हणाले. "समोर बघ." त्यांनी मोठा दिवा स्टँडसकट उचलला आणि तिच्या डाव्या बाजूला आणून ठेवला. मग बरेच फोटो काढले. नेहमीपेक्षा जास्त, कारण अशा उजेडात हा चेहरा काढायचा त्यांना अजिबात सराव नव्हता.

काँप्युटरवर फोटो उघडला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्या खुणेची कड कानापाशी कशी वळते, जबड्याकडे कुठे फिकी होते, मधे तांदळाएवढी गोरी जागा कुठे राहून गेली आहे, हे त्यांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. इतक्या जवळून, इतकी वर्षं, त्या गालाकडे जगात दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. तिच्या आईनेसुद्धा नाही. आणि त्यांनी पाहिलं होतं ते दर वेळी काढून टाकण्यासाठी. हे ध्यानात आलं तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, की ही आता काय म्हणेल.

मुक्ताने वाकून बराच वेळ फोटो पाहिला.

"डोळ्यांखालची काळी वर्तुळंपण ठेवलीत?"

"ठेवली."

"ती काढली असती तर चाललं असतं, बाबा."

गोपाळरावांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते इतके मोठ्याने हसले की साडीवाला काय झालं म्हणून डोकावून गेला. वर्तुळं मात्र त्यांनी काढली नाहीत. विषाची परीक्षा कशाला घ्या?

त्या रात्री जेवताना मुक्ता आमटीत भात कालवत आईला म्हणाली, "आई, कन्यादानाला विनायककाका आणि काकू बसतील. मी त्यांना फोन केलाय, ते हो म्हणालेत."

मीनाताईंची पळी हवेतच राहिली. "अगं, धडधाकट बाप घरात असताना काका कशाला? आणि हे काय करतील?"

"फोटो काढतील. अनय व्हिडिओचं बघेल, त्याच्याशी बोलले मी."

"लोक काय म्हणतील? बापाने मुलीचं कन्यादान सोडलं आणि कॅमेरा घेऊन फिरला?"

"म्हणू देत ना," मुक्ता म्हणाली. "द्यायला काय, कुणीही देईल, आई. मला नीट बघणारं माणूस पाहिजे."

मीनाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गोपाळराव ताटातला भात तसाच ठेवून उठले, आणि हात धुवायला म्हणून बेसिनपाशी गेले ते नळ सोडून बराच वेळ तिथेच उभे राहिले.